अनुभव धागा : एकाच नावाची छोटी गाडी, अमेरिकेतली आणि बाहेरची

परवडणाऱ्या छोट्या गाड्यांचा विषय निघाला की डॉलरला रुपयाच्या भावाने गुणले जाते आणि चर्चा तिथेच संपते. या धाग्यावर त्यापुढचे वाचायला आवडेल. ज्यांनी अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर एकच छोटी गाडी, किंवा एकाच तोडीच्या दोन गाड्या वापरल्या असतील, त्यांनी त्या किमतीत नेमके काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करतो; पुढचे अनुभव लिहिणाऱ्यांच्या गावांच्या नावांखाली आहेत. तळेगाव दाभाडे येथे वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो, त्यामुळे शेवरोले बीट रोजच्या पाहण्यातली गाडी. हीच गाडी अमेरिकेत कोरियाहून येत असे आणि स्पार्क या नावाने विकली जात असे. तिथल्या स्पार्कमध्ये 10 एअरबॅग होत्या, तर आपल्या बीटच्या खालच्या प्रकारांत एकही नव्हती. उलट आपल्याकडे 2011 मध्ये आलेले 936 सीसीचे डिझेल इंजिन अमेरिकेच्या वाट्याला कधी आले नाही. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतातली विक्री बंद केली, तरी तिच्या तळेगावच्या कारखान्यातून निर्यात 2020 च्या डिसेंबरपर्यंत चालू होती आणि मेक्सिको हे त्यातले मोठे गिऱ्हाईक होते. म्हणजे तळेगावची गाडी अमेरिकेच्या सीमेपर्यंत पोहोचत होती. सीमेपलीकडे मात्र नियमच वेगळे होते.

डॅलस, टेक्सास

माझ्याकडे ह्युंदाई व्हेन्यू आहे आणि नाशिकला बाबांकडेही व्हेन्यूच आहे. बाबा इथे आले होते तेव्हा त्यांनी टेप लावून माझी गाडी मोजली. ती 4,040 मिलिमीटर भरली; त्यांची 3,995 आहे. हा साडेचार सेंटिमीटरचा फरक करामुळे पडला आहे. 2006 च्या अर्थसंकल्पापासून भारतात 4 मीटरपेक्षा आखूड गाडीला, पेट्रोल इंजिन 1,200 सीसीच्या किंवा डिझेल इंजिन 1,500 सीसीच्या आत असेल तर, कमी कर लागतो. म्हणून बाबांच्या गाडीत 1.2 लिटरचे इंजिन आहे. माझ्या गाडीत 1.6 लिटरचे आहे, आणि इथल्या फ्रीवेवर चढताना, भरधाव ट्रकांच्या रांगेत शिरताना, ते मोठे इंजिन चैनीचे वाटत नाही.

2019 मध्ये ही गाडी आली तेव्हा सुरुवातीची किंमत भारतात 6.50 लाख रुपये एक्स-शोरूम आणि अमेरिकेत 17,350 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे 12 लाख रुपये होती. दुप्पट वाटते खरी. पण माझ्या गाडीच्या सर्वांत खालच्या प्रकारातही सहा एअरबॅग होत्या, गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएससी यंत्रणा होती आणि समोर अडथळा आल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही होती. बाबांच्या मधल्या प्रकारात दोनच एअरबॅग आहेत. जाहिरातीतल्या किमतीत गाडी डीलरपर्यंत आणण्याचा खर्च आणि टेक्सासचा 6.25 टक्के विक्रीकर धरलेला नसतो, तसाच नाशिकला आरटीओचा कर आणि विमा वेगळा भरावा लागतो. त्यामुळे तुलना ऑन-रोड किमतींचीच करावी. एका बाबतीत मात्र बाबांची गाडी सरस आहे. तिच्यात मागच्या सीटसाठी एसीचे झरोके आहेत. मे महिन्यात वणीला जाताना मागे बसलेल्या आजीला गार वारा लागतो. माझ्या गाडीत मागे बसणाऱ्याला तो पुढून येईल तेवढाच.

मिसिसागा, कॅनडा

अमेरिकेत जे मिळत नाही ते शेजारी कॅनडात कधी कधी मिळते, याचे उदाहरण म्हणजे निसान मायक्रा. चेन्नईत बनणारी मायक्रा आपल्याकडे 2010 पासून होती. कॅनडात ती 2014 मध्ये मेक्सिकोहून आली, 9,988 कॅनेडियन डॉलरला. त्या किमतीत एसी नव्हता आणि काचा हाताने फिरवायच्या होत्या. मी तीच घेतली. हिवाळी टायर आणि ऑन्टारियोचा 13 टक्के कर धरूनही दुसरी कोणतीही नवी गाडी तिच्या जवळपास येत नव्हती. बफेलोला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला ती हवी होती, पण सीमेपलीकडे ती विकलीच जात नव्हती, म्हणून त्याने निसानचीच व्हर्सा घेतली.

क्लीव्हलँड, ओहायो

शिकत असताना मी जुनी मित्सुबिशी मिराज घेतली. थायलंडमध्ये बनणारी ही गाडी तिथल्या ‘इको कार’ योजनेसाठी घडवलेली होती. त्या योजनेत करसवलत हवी तर लिटरला 20 किलोमीटर द्यावे लागत. इथल्या मोजणीत मिराजला गॅलनमागे 39 मैल दिलेले आहेत, म्हणजे लिटरला साधारण साडेसोळा किलोमीटर. 78 अश्वशक्तीचे इंजिन चढावर दमते, आवाजही फार करते, परंतु नवी घेणाऱ्याला इंजिन व गिअरबॉक्सवर 10 वर्षांची हमी मिळत असे. गेल्या काही वर्षांत इथे नव्या गाड्यांमध्ये इतके स्वस्त फारसे काही उरले नव्हते, आणि आता तीही बंद झाली.

ॲन आर्बर, मिशिगन

क्लीव्हलँडच्या ताईंनी शेवटी जे लिहिले आहे, त्याची दुसरी बाजू मी वाहन उद्योगात काम करताना पाहिली. इथल्या बाजारातून फोर्डची फिएस्टा 2019 मध्ये गेली, होंडाची फिट आणि टोयोटाची यारिस 2020 मध्ये, शेवरोलेची स्पार्क 2022 मध्ये. भारतात जॅझ म्हणून विकली गेलेली फिट मी स्वतः वापरली. मागची सीट वर दुमडून सायकल उभी ठेवता येणारी तशी गाडी पुन्हा मिळाली नाही.

पेट्रोल स्वस्त म्हणून लोक मोठ्या गाड्या घेतात हे खरे आहे, पण तेवढेच कारण नाही. इथल्या इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांत गाडीचे लक्ष्य तिच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरवले गेले. क्षेत्रफळ जितके लहान, तितके लक्ष्य कठीण. एअरबॅग, कॅमेरा, धडकचाचण्या यांचा खर्च छोट्या गाडीला मोठ्या गाडीइतकाच येतो, आणि नफा मात्र कमी सुटतो. बाहेरून एखादी आणावी म्हटले तर 1988 च्या कायद्याने इथल्या सुरक्षा-मानकांत न बसणारी गाडी 25 वर्षांची होईपर्यंत आणता येत नाही. भारतात कराच्या नियमाने गाडी आखूड केली, इथे नियमांनी तिला मोठे व्हायला लावले. मला दोन्ही खटकतात, पण अमेरिकेतल्या पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या तरुणाचे नुकसान अधिक झाले असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणे

फोर्ड इकोस्पोर्ट चेन्नईहून अमेरिकेला जात होती. आमच्या गाडीला मागच्या दारावर स्टेपनी होती. डेट्रॉइटला भाचीकडे पाहिलेल्या गाडीला ती नव्हती.

कोल्हापूर

2014 च्या जानेवारीत गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो 800, नॅनो, फिगो, आय10 आणि पोलो या भारतीय गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या धडकवल्या आणि पाचही शून्य तारे घेऊन बाहेर आल्या. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. त्या वर्षी आम्हाला गाडी घ्यायची होती. तो अहवाल वाचून मी वरच्या प्रकाराचा आग्रह धरला आणि घरात त्यावरून बरीच बोलणी झाली. अमेरिकेत पुढच्या दोन्ही एअरबॅग 1998 च्या मॉडेलांपासून प्रत्येक कारला सक्तीच्या आहेत, त्यामुळे गरीब गिऱ्हाइकाला तिथे हा वाद घालावाच लागत नाही. आपल्याकडे चालकाची एअरबॅग सक्तीची व्हायला 2019 उजाडले. आता 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आहे, 4 मीटरची रेघ मात्र होती तिथेच आहे. पुढची गाडी घेताना सुटलेला पैसा मी सहा एअरबॅग आणि ईएससीवरच घालणार आहे.