दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं देऊळ पुन्हा बांधावं का?

डिचोलीकर: परदेशातल्या आमच्या नातलगांनी एक विषय लावून धरलाय. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ गोव्यातल्या दिवाडी बेटावर मूळ जागी उभं करायचं, पैसे ते देणार. पाडलेल्या देवळांसाठी सरकारनं २०२२-२३च्या अर्थसंकल्पात २० कोटी ठेवले, तेव्हापासून जोर वाढलाय. मला हे पटत नाही. देव केव्हाच नदी ओलांडून आमच्या नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ बांधवून घेतलं, दारावर शिलालेख आहे. पैलू पाडलेलं धारालिंग आजही तिथंच पुजलं जातं. मग दिवाडीवर स्थापना कशाची करणार?

मस्कतवासी: दादा, देव हलवा असं कोण म्हणतंय? पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेले कदंब राजे आपल्या नाण्यांवर या देवाचा वरप्रसाद मिरवत. एवढ्या मोठ्या राजवटीचं दैवत, आणि त्याच्या मूळ जागी काही नाही. मुलांना सुट्टीत जुन्या गोव्याला नेतो, चर्च दाखवतो, युनेस्कोनं १९८६ला त्यांना जागतिक वारसा म्हटलं हेही सांगतो. मग ती विचारतात, त्याआधी इथं काय होतं? दाखवायला तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, बस्स. तेही पार घाटाच्या पायथ्याशी.

डिचोलीकर: मुलांना नार्व्याला आणा की! दुरुस्ती होऊन २०२३ला देऊळ पुन्हा खुलं झालंय. घुमट, कौलं, समोर दीपस्तंभ, सगळं गोव्याच्या मातीतलं. दिवाडीवर जे बांधाल ते आजच्या कंत्राटदाराचं असेल.

मस्कतवासी: जुन्या गोव्यातली व्हाइसरॉयची कमान १९५४ला नव्यानं बांधली. तिला कोणी खोटी म्हणतं का?

डिचोलीकर: ती कमान कशी होती हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. दिवाडीचं देऊळ पाहिलेलं माणूस गेल्या चारशे वर्षांत नाही. शेजारचा सेंट ऑगस्टिन चर्चचा मनोरा पाहा. ४६ मीटरचा, अर्धा ढासळलेला, तसाच राखलाय. तिथं उभं राहिलं की काय होतं आणि काय गेलं, दोन्ही कळतं.

फेरीवरची: मी दिवाडीची. आमचं कोणी विचारतच नाही म्हणून लिहिते. गोकुळाष्टमीला लोक पंचगंगा तीर्थावर स्नानाला येतात, त्या दिवशी फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नसते. बेटावर हिंदू-ख्रिस्ती दारं एकमेकांना लागून आहेत. वाद पेटला तर निस्तरायचा आम्हीच, देणगीदार विमानात बसून गेलेले असतील. जुन्या देवळाच्या जागेजवळचं कोटितीर्थाचं तळं मात्र खरंच जुनं आहे. त्याचा गाळ काढा, पायऱ्यांचे चिरे सावरा.

मस्कतवासी: ताई, तळ्याला पैसे द्यायला मी तयार आहे, इथले इतरही देतील. पण देवळाचा आग्रह सोडणार नाही. पोटासाठी गाव सोडलं म्हणून गावावरचा हक्क गेला, हे मी मानत नाही.

फेरीवरची: हक्क आहेच हो तुमचा. पण बांधल्यावर रोजची पूजा कोण करणार, महाजन म्हणून देवळाचा कारभार कोण पाहणार, दरवर्षीचा खर्च कुठून, हे ठरवून मग विटेला हात घाला. तळ्याचं काम त्यासाठी अडत नाही.