प्रति: पांढऱ्या पेशी जखमेपाशी थांबतात कशा?

‘पांढऱ्या पेशी रक्तातून वाहत जखमेपर्यंत पोचतात’ असं तुम्ही लिहिलंत. खरंय, पण वाहत्या रक्तात थांबायचं कसं? आधी सिलेक्टिन प्रथिनं पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीवरून लोळवत तिचा वेग कमी करतात, मग इंटिग्रिन प्रथिनं तिला घट्ट धरतात. नंतर पेशीत पुढच्या बाजूला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे भराभर वाढून पेशीचा पडदा पुढे रेटतात, मागून मायोसिन हे प्रथिन पेशीचं शेपूट आवळतं, आणि पेशी जखमेकडे सरकते. पुण्यात एमएस्सीला असताना काचेवर सरकणारी न्यूट्रोफिल (एका प्रकारची पांढरी पेशी) मी मायक्रोस्कोपखाली पाहिली. मिनिटाला जेमतेम १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग), पण डोळा हटेना!

काही बाळांत जन्मतःच इंटिग्रिन सदोष असतं. मग पांढऱ्या पेशी भिंतीला धरून थांबू शकत नाहीत; रक्तात त्या भरपूर, तरी जखमेत पोचत नाहीत, म्हणून पू होत नाही, नाळही उशिरा गळते. ३ आठवड्यांनंतरही नाळ गळली नसेल तर बाळाला डॉक्टरांना नक्की दाखवा.