मदत हवी आहे: आईच्या मेंदूत रक्तवाहिन्यांची विकृती निघाली, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद कराव्यात का?

गोदाकाठ
आईचे वय ६१ आहे. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, तेव्हा मेंदूत रक्तवाहिन्यांची विकृती असल्याचे अहवालात आले. तिला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, आणि आमच्या नात्यातील एका परिचारिका ताईंनी त्या आजच बंद करा, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होईल, असे सांगितले आहे. हृदयाचे डॉक्टर परगावी आहेत आणि न्यूरोसर्जनची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. गोळ्या बंद कराव्यात की नाही, एवढेच मला हवे आहे. डॉक्टर भेटत नाहीत म्हणूनच येथे विचारतो आहे, तेव्हा ‘डॉक्टरांना विचारा’ असे कृपया लिहू नये.

चौकस
कोणत्या गोळ्या, कशासाठी आणि केव्हापासून, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय विकृतीचे नाव काय? एव्हीएम (धमनी आणि शिरा यांचा थेट जोडलेला गुंता), कॅव्हर्नोमा (पातळ भिंतींच्या रक्तकप्प्यांची गाठ) आणि डीव्हीए या तिन्हींना आपण विकृतीच म्हणतो, परंतु त्यांच्या रक्तस्रावाच्या धोक्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डीव्हीए ही केवळ वेगळ्या रचनेची शीर असते आणि तिला सहसा हातही लावत नाहीत.

सह्याद्रीवासी
नावात वेळ घालवू नका. माझ्या धाकट्या भावाचा एव्हीएम २९व्या वर्षी फुटला आणि त्याचा उजवा हात अजूनही पूर्ण उचलत नाही. गोळ्या बंद करा आणि गॅमा नाइफ, म्हणजे किरणांचा उपचार, करून घ्या.

गोदाकाठ
अहवालात कॅव्हर्नोमा लिहिले आहे, उजवा फ्रंटल भाग, सुमारे १ सेंमी. गोळ्या इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल. अर्थातच अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्याशिवाय या गोळ्या कोण देईल?

क्षकिरण
मी रेडिओलॉजिस्ट आहे. अँजिओप्लास्टी केव्हा झाली आणि स्टेंट बसवला आहे का, हे आधी सांगा, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर मेंदूत नसून हृदयात आहे. अहवालात ‘ताजा रक्तस्राव’ असा उल्लेख आहे की केवळ ‘हिमोसिडेरिनचे वलय’ (जुन्या रक्तातील लोहाची कड) असे लिहिले आहे, तेही पाहा.

गोदाकाठ
स्टेंट चार महिन्यांपूर्वी बसवला. अहवालात वलय लिहिले आहे, ताज्या रक्तस्रावाचा उल्लेख नाही. वलय म्हणजे रक्तस्रावच ना?

क्षकिरण
नाही. कॅव्हर्नोमात पातळ भिंतींच्या कप्प्यांतून रक्त अतिशय संथ आणि कमी दाबाने फिरते, त्यामुळे तो साध्या अँजिओग्राफीत बहुधा दिसतही नाही. त्यातून वर्षानुवर्षे कणाकणाने झिरपलेल्या रक्तातील लोह कडेला साचते आणि एमआरआयच्या विशिष्ट प्रतिमांत ते काळेभोर दिसते. लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव ही निराळी घटना आहे. २०१६ साली १६२० रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की, पूर्वी रक्तस्राव किंवा तत्सम लक्षणे झालेली नाहीत आणि गाठ मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) नाही, अशांना पाच वर्षांत रक्तस्राव होण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. मस्तिष्कस्तंभातील गाठीतून आधी रक्तस्राव झालेला असेल तर तीच शक्यता ३०.८ टक्क्यांवर जाते. आपल्या आईची चक्कर या गाठीमुळे नसेल, तर त्या पहिल्या गटात बसतात.

गोळ्यांविषयी सांगायचे तर, स्कॉटलंडमधील रुग्णांवर आधारलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेणाऱ्या कॅव्हर्नोमाच्या रुग्णांत रक्तस्राव अधिक नव्हे, तर कमी आढळला. तो निरीक्षणात्मक अभ्यास असल्यामुळे गोळ्या संरक्षण देतात असे त्यावरून म्हणता येत नाही. उलट, चार महिन्यांच्या स्टेंटवर दोन्ही गोळ्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. स्वतःच्या निर्णयाने एकही गोळी थांबवू नका. जेथे अँजिओप्लास्टी झाली तेथील ड्युटीवरील हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा.

अर्जुनवृक्ष
अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करावा, म्हणजे गोळ्यांची गरजच उरणार नाही.

चौकस
चार महिन्यांच्या स्टेंटवर काढ्याचा प्रयोग करण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

सह्याद्रीवासी
हे आकडे कागदावर ठीक आहेत. भावालाही ‘वर्षाला दोन-तीन टक्के’ असेच सांगितले होते.

पृच्छक
तो आकडा एव्हीएमचा आहे, तेथे धमनीचे रक्त केशवाहिन्यांवाचून थेट शिरेत उसळते. न फुटलेल्या एव्हीएमवर उपचार करावेत की नाही यासाठीची ‘अरूबा’ चाचणी २०१३ साली मध्येच थांबवावी लागली, कारण सरासरी ३३ महिन्यांत पक्षाघात किंवा मृत्यू उपचार केलेल्यांत ३०.७ टक्के आणि केवळ औषधांवर ठेवलेल्यांत १०.१ टक्के होता. सरसकट गॅमा नाइफ सुचवणे म्हणूनच योग्य नव्हे.

सह्याद्रीवासी
तेहतीस महिन्यांत काय कळणार? तिशीच्या माणसाला वर्षाला ३ टक्के धरले तर तीस वर्षांत हिशेब ६० टक्क्यांच्या घरात जातो.

क्षकिरण
हा आक्षेप रास्त आहे आणि न्यूरोसर्जनही तो घेतात. एव्हीएममध्ये गॅमा नाइफनंतर वाहिन्या बंद होण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर धोका राहतोच, हेही लक्षात घ्यावे. परंतु या धाग्यातील रुग्णाला एव्हीएम नाही.

मीनल_ठाणे
आईला कॅव्हर्नोमा म्हणजे तुम्हा सर्व भावंडांनी एमआरआय करून घ्यावा. आमच्या घरी तिघांना निघाले.

क्षकिरण
आपल्याकडे तो आनुवंशिक प्रकार असावा. त्यात बहुधा अनेक गाठी असतात आणि प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. एकच गाठ असेल आणि घरात दुसरे कोणी नसेल, तर बहुतेकदा तशी गरज पडत नाही.

गोदाकाठ
रुग्णालयात फोन केला. ड्युटीवरील डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या चालू ठेवण्यास आणि रक्तदाब रोज नोंदवण्यास सांगितले आहे. परिचारिका ताईंना हे पटलेले नाही. गुरुवारपर्यंत आणखी काय पाहायचे?

क्षकिरण
अचानक तीव्र डोकेदुखी, वारंवार उलटी, फिट, एका बाजूची अशक्तता किंवा बोलण्यात अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर गुरुवारची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा आणि तेथे स्टेंट व कॅव्हर्नोमा या दोन्ही गोष्टी सांगा. न्यूरोसर्जनकडे जाताना अहवालाच्या कागदाबरोबर एमआरआयची सीडीही न्या.

गोदाकाठ
केंद्राने सीडी दिली नाही, मोबाइलवर दुवा पाठवला आहे. तो चालेल का?

क्षकिरण
चालेल, परंतु असे दुवे काही काळाने बंद होतात, म्हणून प्रतिमा आजच उतरवून ठेवा.