गाडी विकून वीस दिवसांनी इंजिनचं काम निघालं. पैसे द्यायचे का?

गंगापूर_रोडकर
माझी २०१४ ची डिझेल गाडी मी नाशिकमध्येच ओळखीतून एकाला २ लाख ६० हजारांना विकली. मध्ये एजंट नव्हता. त्यांनी स्वतःचा मेकॅनिक आणला, बॉनेट उघडून बघितलं, त्र्यंबकेश्वरपर्यंत चक्कर मारून आले. 'गाडी आहे त्या स्थितीत घेतली' असं लिहून दोघांनी सह्या केल्या. वीस दिवसांनी फोन आला: हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं, खर्च ३८ हजार, निम्मे तुम्ही द्या. मी द्यायला तयार नाही. गाडी जुनी म्हणूनच भाव कमी लावला होता. आज गॅस्केटचे दिले की उद्या क्लच, परवा टर्बो. याला अंत कुठे?

सातपूर_गॅरेज
एकच विचारतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी व्हायचं का? गॅस्केट बहुतेक वेळा एका रात्रीत जात नाही, आधी बरेच दिवस गाडी कूलंट पिते. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली की बुडबुडे येतात, कधी ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा दुधी थर दिसतो. पण कूलंटची टाकी काठोकाठ भरलेली आणि गाडी आधीच गरम असेल, तर दहा मिनिटांत मलाही कळणार नाही.

गंगापूर_रोडकर
हो, महिन्या-दीड महिन्याने अर्धा लिटर टाकायचो. जुन्या गाडीला लागतंच, असं मला वाटायचं. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. पण मुद्दाम लपवलं नाही.

मृण्मयी_इंदिरानगर
दादा, 'विचारलं नाही' हे उत्तर मला पटत नाही. आम्ही अशीच गाडी घेतली होती, बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून. डिकीत कूलंटचा अर्धा रिकामा कॅन होता. तो तिथे का आहे, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. घोटीच्या पुढे भर उन्हात गाडी बंद पडली, आईला ट्रकवाल्यांनी पाणी दिलं. विकणाऱ्याला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर आम्ही वीस हजार कमी करून तीच गाडी घेतली असती.

वकील_ओझर
भावना समजते, पण कायदा विक्रेत्याच्या बाजूला झुकतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात बघून घेण्याची जबाबदारी मुळात खरेदीदाराची. घरगुती विक्रेता हा व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगातही सहसा दाद मिळत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. दोष माहीत असून झाकण्यासाठी काही केलं, तर मात्र ती फसवणूक. म्हणून विचारतो, गाडी दाखवायच्या दिवशी कूलंट भरलं होतं का?

गंगापूर_रोडकर
आदल्या दिवशी धुऊन आणली, तेव्हा भरलं होतं. नेहमीसारखंच.

मृण्मयी_इंदिरानगर
मग कागदावर काहीही लिहिलेलं असो, निम्मे द्या. त्या माणसाने मागितलेत तेही निम्मेच.

पंचवटी_७१
मी विक्रेत्याच्या बाजूने आहे. मेकॅनिक आणूनही कळलं नसेल तर चूक त्या मेकॅनिकची. पण त्याहून मोठा प्रश्न: आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) कोणाच्या नावावर आहे?

गंगापूर_रोडकर
अजून माझ्याच. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्यात. गाडी घेणारे पैशांचं मिटल्याशिवाय पुढचं करणार नाही म्हणतात. परवा द्वारका चौकातला सिग्नल तोडल्याचं ई-चलान माझ्या मोबाइलवर आलं.

वकील_ओझर
मग गॅस्केट बाजूला ठेवा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. तिथे गाडी पुढे अनेक हात फिरली होती, तरी जबाबदारी नोंदणीतल्या पहिल्या मालकावर आली. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. तुमचे वीस दिवस उलटलेत. फॉर्म २९, म्हणजे विक्रीची सूचना, आजच स्वतः आरटीओत भरा, ताबा दिल्याची तारीख-वेळ असलेला कागद जपून ठेवा.

गंगापूर_रोडकर
आत्ता त्यांना फोन केला. गॅरेजचं बिल दाखवा, निम्मे देतो, पण आधी आरसी नावावर करा, असं सांगितलं. ते म्हणतात आधी पैसे.

सातपूर_गॅरेज
दोघं माझ्याकडे या. हेड उघडलेलंच असेल, गॅस्केट जुनं गळत होतं की आता गरम होऊन गेलं, ते दोघांच्या समोर दाखवतो. तिथेच अर्ज भरा, तिथेच पैसे द्या.

गंगापूर_रोडकर
रविवारी अकराला येतो. त्यांनाही कळवलंय.