वेटसूट नेमका किती घट्ट हवा?

रंकाळाकाठची:
ऑगस्टमध्ये स्वीडनला कालमारची फुल आयर्नमॅन (पोहणं, सायकल, धावणं अशी लांब ट्रायथलॉन) करतेय, पोहायचं बाल्टिक समुद्रात. आत्तापर्यंत सगळी प्रॅक्टिस इथल्या तलावात आणि मिरामारच्या समुद्रात, तिथे वेटसूटची (गार पाण्यात अंग गरम ठेवणारा घट्ट रबरी सूट) गरजच नसते. आता मैत्रिणीचा घालून बघितला तर गळा आवळल्यासारखा होतो, हात वर केला की खांदा ओढतो. चार्टमध्ये उंचीप्रमाणे एम, वजनाप्रमाणे एस. एक साइज मोठा घेऊ का?

पुण्याचा_ट्रायथलीट:
मोठा अजिबात घेऊ नका ताई! दोन साइजच्या मधे असाल तर वजन आणि छातीचं माप बघा, उंची नंतर. सैल सूटमधे कमरेच्या खळगीतून नि मानेतून सारखं गार पाणी आत येत राहतं आणि अंगाजवळचं कोमट झालेलं पाणी धुऊन जातं, मग सूट घालून उपयोग काय. आणि कोरडा असताना घट्ट वाटणारच, पाण्यात थोडा सैलावतो.
खांदा ओढतोय म्हणजे बहुतेक सूट पूर्ण वर चढलेलाच नाहीये. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवा, पोटऱ्यांपासून थोडं थोडं कापड वर घेत जांघेत अजिबात गॅप ठेवू नका, मग पोट, मग बाह्या, शेवटी चेन. नखं कापून, बोटांच्या पेरांनी धरा, नखाने निओप्रीन (सूटचं रबर) फाटतं. घाई केलीत की सगळं कापड खालीच राहतं आणि दोष साइजवर जातो.

दादरची_जलपरी:
गळ्याबद्दल सांगते. कॉलर मानेला चिकटून हवी पण चेन लावून पाच मिनिटं उभं राहिल्यावरही खोल श्वास घेता येत नसेल तर तो सूट तुमचा नाही, सवय होईल म्हणून घेऊ नका. लेडीज कट वेगळा असतो, तोही बघा. सर्फिंगचा सूट मात्र नको, खांद्याला जाड असतो. आयर्नमॅनला जाडी ५ मिमीपर्यंतच चालते. मानेला मागून अँटी-चेफ क्रीम लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात सोलवटून निघते. आणि पूलमधे ट्रायल घेताना जास्त वेळ थांबू नका, आपल्याकडच्या पाण्यात अंग तापतं.

रंकाळाकाठची:
थँक्यू! परत सावकाश चढवला, जांघेपासून चांगलं मूठभर कापड वर आलं, खांदा मोकळा झाला. काखेत मात्र अजून घडी पडतेय?

पुण्याचा_ट्रायथलीट:
मग बाह्या अजून खाली आहेत, मनगटापासून परत वर ओढत आणा. गळा कसा वाटतोय तेही कळवा, एसची ट्रायल घेतल्याशिवाय पैसे भरू नका.