बाहेरचा डीव्हीडी बर्नर निम्म्यावर थांबतो: केबल, करंट की लेन्स?

शहापूर_बेळगाव

नमस्कार मंडळी. मिनी डीव्ही टेपवरचं घरच्या लग्नांचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर घेऊन, काटछाट करून डीव्हीडी करायचं काम चालू आहे. खेड्यातल्या बऱ्याच पाहुण्यांकडे अजून साधा डीव्हीडी प्लेअरच आहे, त्यामुळे डिस्कच लागणार.

अडचण अशी: यूएसबीचा स्लिम बर्नर, विंडोज १० चा लॅपटॉप, डिस्क लिहायला इमगबर्न हा प्रोग्राम. डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी), लिहिण्याचा वेग ८ एक्स म्हणजे मूळ वेगाच्या आठपट, डेटा ४.३ जीबी. सुरुवात नीट होते. ५५ ते ६५ टक्क्यांच्या आसपास आतून टक-टक आवाज येतो, दिवा विझतो, सेमाफोर टाइमआउटचा (ड्राइव्हनं वेळेत उत्तर दिलं नाही असा) संदेश येतो आणि ड्राइव्हच यादीतून गायब होतो. वायर काढून परत घातली की दिसतो. ७ पैकी ५ डिस्क फुकट गेल्या. सीडी मात्र बिनतक्रार लिहितो, तयार डीव्हीडी वाचतोही. लेन्स गेली असं धरून नवा बर्नर घ्यावा का?

तारजोड_निपाणी

एवढ्यात घेऊ नका. लेसर कमजोर झाला तर बर्नर बहुधा सुरुवातीलाच अडतो. लिहायच्या आधी तो डिस्कच्या आतल्या कडेला थोडंसं जाळून किती ताकद लागेल ते ठरवतो. तिथं जमलं नाही तर 'पॉवर कॅलिब्रेशन'ची चूक दाखवतो, पण ड्राइव्ह यादीत जागच्या जागी राहतो. तुमच्याकडे ड्राइव्हच नाहीसा होतोय, म्हणजे त्याला मिळणारी वीज मध्येच तुटतेय.

६० टक्क्यांनाच का, तर ८ एक्सचे बरेच स्लिम बर्नर डिस्क एकाच वेगानं फिरवतात, मिनिटाला साधारण ४६०० फेरे. आतल्या कडेला लिहिण्याचा वेग जेमतेम ३.३ एक्स पडतो, बाहेर जाईल तसा वाढतो, ६० टक्क्यांवर तो सुमारे ६.५ एक्सला पोचतो आणि शेवटी ८ एक्स होतो. वेग वाढला की लेसरला जास्त ताकद लागते, म्हणजे करंट वाढतो. यूएसबी २ च्या पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची, यूएसबी ३ ची ९०० ची. स्लिम बर्नर लिहिताना १ अँपिअरच्या पुढंही जातो. सीडीला आणि नुसत्या वाचनाला एवढं लागत नाही, म्हणून ती दोन्ही कामं होतात.

आता केबल बघा की. तिच्या अंगावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, उजेडात धरून वाचा. 'एडब्ल्यूजी' (तारेच्या जाडीचा नंबर) याच्या आधी २८ असेल तर तार बारीक, २४ असेल तर जाड. आकडा लहान तेवढी तार जाड. दीड मीटरच्या २८ नंबर तारेत जाऊन-येऊन साधारण ०.६४ ओहम अडथळा होतो. १ अँपिअरला ०.६४ व्होल्ट तिथंच गेले! ५ चे ४.३६ उरले. २४ नंबरच्या तेवढ्याच लांबीत पाव व्होल्ट जातो. ड्राइव्हच्या तोंडाशी ४.७५ च्या खाली जाऊ देऊ नका.

मोबाइल रिपेअरवाल्याकडे यूएसबी मीटर असतो, तो केबल आणि ड्राइव्हच्या मध्ये लावून बघता आला तर उत्तम. लॅपटॉपच्या बाजूला लावलात तर केबलमधली घट दिसणारच नाही. ड्राइव्हला मिनी यूएसबीचं टोक असेल तर मीटरची जोडणी त्या टोकाला बसणारी बघून घ्या.

खानापूर_आर

तारजोड सरांचं बरोबर वाटतं, पण पैसे खर्चायच्या आधी एक फुकटची परीक्षा करा. इमगबर्नमध्ये 'टेस्ट मोड' आहे. त्यात बर्नर सगळं खऱ्यासारखं करतो, फक्त लेसर लिहिण्याच्या ताकदीवर चढवत नाही. डिस्क कोरीच राहते. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूवर (पुसून परत लिहिता येणारी) हे चालतं, डीव्हीडी प्लस-आर या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कवर चालत नाही.

टेस्ट मोडमध्येही ६० टक्क्यांवर बंद पडला तर केबल, पोर्ट, हब, बर्नरच्या आतलं यूएसबीचं सर्किट नाहीतर विंडोजमधला ड्रायव्हर. टेस्ट पूर्ण झाली आणि खरं लिहिताना पडला तर वीज, लेसर किंवा डिस्क. दोन्ही वेळा वेग ८ एक्सच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबलही बदलली, पोर्टही बदलला, डिस्कची कंपनीही बदलली, तर चालू झाल्यावर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून शोधावं लागतं.

शहापूर_बेळगाव

टेस्ट मोड ८ एक्सला दोनदा केला, दोन्ही वेळा १०० टक्के पूर्ण. केबलवर २८ एडब्ल्यूजी आहे, लांबी दीड मीटर. मीटर ड्राइव्हच्या टोकाला लावला: नुसता जोडल्यावर ५.०६ व्होल्ट, डिस्क फिरायला लागताना ४.७१, खरं लिहिताना ५० टक्क्यांवर ४.५५, त्यानंतर ४.४८ दिसला आणि ड्राइव्ह गेला. वाय केबल (ड्राइव्हकडे एक टोक, दुसरीकडे दोन यूएसबी प्लग) घेऊन दुसरा प्लग मोबाइलच्या चार्जरला लावला तर चालेल का?

तारजोड_निपाणी

दोष सापडला म्हणायचा: लिहिताना ड्राइव्हला वीज कमी पडते. चार्जरला मात्र नको. साध्या वाय केबलमध्ये दोन्ही प्लगांच्या ५ व्होल्टच्या तारा आत एकत्र जोडलेल्या असतात. चार्जरचा करंट उलटा लॅपटॉपच्या पोर्टात शिरू शकतो, आणि पोर्ट मदरबोर्डवर असतो. वाय केबलचे दोन्ही प्लग त्याच लॅपटॉपच्या दोन पोर्टांत घाला. याहून चांगलं म्हणजे ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब, आणि हब ते ड्राइव्ह अर्ध्या मीटरची जाड केबल. त्या हबवर लिहिताना दुसरं काही लावू नका, बाहेरची हार्ड डिस्क तर मुळीच नको.

हब येईपर्यंत काम अडवायचं नसेल तर वेग ४ एक्सवर बांधा. पूर्ण डिस्कला साधारण १५ मिनिटं लागतील. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही आणि बॅटरीवर गेल्यावर विंडोज यूएसबीची वीज वाचवायला बघतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

खानापूर_आर

लेन्सबद्दल थोडं, कारण पावसाळ्यात आमच्या भागातली हवा ओली आणि यंत्रं त्याच हवेत उघडी पडलेली असतात. स्लिम ड्राइव्हचा ट्रे बाहेर आला की लेन्स त्याच्यावरच असते, निळसर थेंबासारखी. ती चार केसाएवढ्या तारांवर तोललेली असते, म्हणून दाबायची नाही. कापसाच्या काडीचं टोक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं करा, मधून बाहेर एकदा हळूच फिरवा, १० मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, काचेवर पापुद्रा राहतो. ब्रशवाल्या क्लीनिंग डिस्कही टाळलेल्या बऱ्या, ब्रशचा झटका त्या तारांना बसतो.

ड्राइव्ह थंड खोलीतून दमट खोलीत आणलात तर तासभर तसाच ठेवा, मगच डिस्क घाला. वापर नसेल तेव्हा सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात.

कोऱ्या डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. ४६०० फेऱ्यांना कागद जरा जरी एका बाजूला असला तरी डिस्क थरथरते. मार्करनं नाव लिहायचं तर मधल्या पारदर्शक कड्यावर.

शहापूर_बेळगाव

हब आणि अर्ध्या मीटरची २४ नंबरची केबल लावली. लिहिताना ६० टक्क्यांवर ४.९२, शेवटाला ४.८९. आधी ४ एक्सवर तीन, मग ८ एक्सवर दोन डिस्क केल्या, पाचही व्हेरिफायसकट (लिहिलेलं परत वाचून तपासणं) पूर्ण. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका उरली. यातली एक डिस्क लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, पण जुन्या प्लेअरवर वरातीच्या प्रसंगात, नाच सुरू झाला की अडकते. बाकी ठिकाणी नाही.

संकलन_टिळकवाडी

हा बर्नरचा दोष नाही, बिटरेटचा (सेकंदाला किती डेटा वाचावा लागतो त्याचा) आहे. नाच, गुलाल, लुकलुकणारे दिवे यांत चित्र प्रत्येक फ्रेमला बदलतं, तिथं एन्कोडर (व्हिडिओ दाबून डीव्हीडीच्या रूपात आणणारा प्रोग्राम) कमाल मर्यादेला जाऊन आपटतो. डीव्हीडीत व्हिडिओची मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट, सगळं मिळून १०.०८. पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुना प्लेअर तिथपर्यंत पोचताना धापा टाकतो. कमाल ८ वर बांधा.

सरासरीचा हिशोब सोपा आहे. डिस्कमध्ये ३७,६०० मेगाबिट मावतात, त्यांना सेकंदांनी भागा. ९० मिनिटांना ५४०० सेकंद, म्हणजे ६.९६. त्यातून आवाजाचे आणि रचनेचे वजा करून व्हिडिओला ६.५ धरा. १२० मिनिटांना ४.८ च्या आसपास येतं. त्याहून लांब कार्यक्रम असेल तर सरळ दोन डिस्क करा, एकीतच कोंबायला गेलात की चेहऱ्यांवर चौकोन दिसतात. आवाज एसी-३, १९२ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. चित्र पाल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. मिनी डीव्हीतून आलेलं चित्रीकरण 'लोअर फील्ड फर्स्ट' असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांपैकी खालच्या ओळींचा आधी येतो. एन्कोडरला उलटं सांगितलंत तर वरात चालताना हिसके मारते, आणि ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर कळतही नाही, फक्त जुन्या टीव्हीवर दिसतं.

डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी रचायच्या प्रोग्राममध्ये आधी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनू आणि प्रकरणं तपासा, मगच डिस्कवर लिहा. डिस्कचं नाव मराठी-कन्नड अक्षरांत देऊ नका. इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच वापरा. विंडोजच्या स्वतःच्या बर्नमध्ये 'पेनड्राइव्हसारखी वापरा' हा पर्याय निवडलात तर अशी डिस्क घरच्या प्लेअरला ओळखताच येत नाही.

अडकणारी डिस्क बदलून करताना आधी आरडब्ल्यूवर काढा आणि तोच वरातीचा भाग त्याच जुन्या प्लेअरवर लावून बघा. तिथं सुरळीत गेली की डीव्हीडी-आरवर ४ एक्सनं.