आयर्लंडचा सगळ्यात मोठा फुटबॉल क्लब शॅमरॉक रोव्हर्सच, वाद घालायचाय का कुणाला?

मुपो_डब्लिन:
मी डब्लिनमधल्या टालाला राहतो, रोव्हर्सचं स्टेडियम तिथेच आहे (स्पेलिंगमध्ये शेवटी जीएचटी आहे, पण ते बोलायचं नाही). शुक्रवारी संध्याकाळी लुआस ट्रामच्या लाल लाईनवर हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे टीशर्ट दिसायला लागले की समजायचं, आज मॅच आहे. 2023 पर्यंतच 21 लीग विजेतेपदं, 1984 ते 87 सलग चार, 2020 ते 23 परत सलग चार, आणि एफएआय कप (आयर्लंडचा राष्ट्रीय कप) तर 1964 ते 69 लागोपाठ सहा वर्षं. दुसऱ्या कुणाकडे आहे एवढं? विषय कट.

आकडेमोड्या:
एवढ्यात कट नका करू हो. घरच्या ट्रॉफ्या सगळेच मोजतात. 2011 ला युरोपा लीगच्या (युरोपातली दुसऱ्या नंबरची क्लब स्पर्धा) ग्रुपमध्ये तुम्ही सहा मॅच खेळलात आणि सहाच्या सहा हरलात. 2016 ला त्याच स्पर्धेत आयर्लंडच्याच डंडॉक क्लबने नेदरलँड्सच्या एझेड आल्कमारला त्यांच्या मैदानावर 1-1 मध्ये रोखलं, मग इस्रायलच्या मकाबी तेल अवीवला 1-0 हरवलं, दोन्ही गोल त्यांच्या किल्डफचे. ग्रुपमध्ये पॉइंट मिळवणारा पहिला आयरिश क्लब कोण, तर रेल्वे कामगारांच्या टीममधून उभा राहिलेला डंडॉक.

मुपो_डब्लिन:
पण त्या ग्रुपचं दार उघडलं कोणी? 2011 लाच, ग्रुपच्या आधीच्या फेरीत, बेलग्रेडला सर्बियाच्या पार्टिझानच्या घरात, 0-1 ने मागे असताना आमच्या पॅट सुलिव्हनने लांबून जी व्हॉली मारली ती एकदा बघा, बॉल खाली यायची वाटही बघितली नाही पठ्ठ्याने, डायरेक्ट जाळ्यात. मग एक्स्ट्रा टाइममध्ये पेनल्टीवर 2-1. आणि पुढे ग्रुपमध्ये टॉटनमविरुद्ध लंडनमध्ये आम्ही 1-0 पुढे होतो.

आकडेमोड्या:
आणि हरलात 3-1, तेही सांगा की.

ढापण्या:
गंमत म्हणजे डंडॉकने तो मकाबीवाला सामना जिंकला कुठे, तर टालाला 😄 त्यांचं स्वतःचं मैदान, ओरिएल पार्क, युएफाच्या (युरोपातली फुटबॉल संघटना) नियमात बसत नव्हतं.

मुपो_डब्लिन:
बघा! आमच्या घरी येऊन इतिहास घडवला आणि आम्हालाच शिकवताय.

आकडेमोड्या:
तुमचं घर? स्टेडियम कौन्सिलचं आहे, तुम्ही भाडेकरू.

मुपो_डब्लिन:
हे मात्र लागलं. स्वतःचं मैदान होतं हो आमचं, मिलटाऊनचं ग्लेनमॅल्युअर पार्क. 1987 ला सलग चौथी लीग जिंकत होतो त्याच सीझनला मालकांनी ते विकायला काढलं. टीम टोल्का पार्क नावाच्या दुसऱ्या मैदानावर हलवली तर फॅन्सनी बहिष्कार टाकला, आपल्याच टीमच्या मॅचला जायचं नाही म्हणजे काय होत असेल जिवाचं. पुढे 2009 ला टालाला येईपर्यंत, 22 वर्षं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मधेच 2005 ला दिवाळं निघायची वेळ, रेलिगेशन (खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण), शेवटी फॅन्सनीच पैसे जमवून क्लब हातात घेतला आणि पुढच्याच वर्षी वर आणला. मोठा क्लब म्हणतात तो याला.

सौ_गोलकीपर:
फॅन्स ग्रेट, मान्य. पण मालकाने मैदान विकलं हे दुःख झालं, कर्तृत्व कसं? आणि फॅन्सच्या मालकीचंच कौतुक असेल तर डब्लिनच्याच बोहेमियन्सला पण मोजा, तो 1890 चा क्लब आहे, तुमच्याहून थोरला.

आकडेमोड्या:
+1. डंडॉकच्या चार पॉइंटचं (एक ड्रॉ, एक विजय) उत्तर अजून आलेलं नाही बरं का.

मुपो_डब्लिन:
घ्या. 2024-25 ची कॉन्फरन्स लीग. लार्नला 4-1, न्यू सेंट्सला 2-1, बोराचला 3-0, अपोएल आणि रॅपिड व्हिएन्नाशी ड्रॉ, चेल्सीकडे 5-1 ने धुतले गेलो ते लपवत नाही. एकूण 11 पॉइंट आणि नॉकआउट. त्याच 2024 ला डंडॉक कुठे होता? रेलिगेट.

आकडेमोड्या:
युरोपातली तिसऱ्या नंबरची स्पर्धा, त्यात एक टीम वेल्सच्या लीगमधली आणि एक बेलफास्टच्या शेजारची. एझेडला एकदा ड्रॉवर रोखा, मग बोलू.